वहीतील स्वतःचे पान

बारावीचा निकाल लागला की आपल्या समाजात काही आठवडे मोठ्या आनंदाचे जातात. गुणवंत विद्यार्थ्यांच्या याद्या तयार होतात, भवनात सत्कार समारंभ होतो, स्मृतिचिन्हे व प्रशस्तिपत्रे दिली जातात. व्यासपीठावर आलेल्या प्रत्येक मुलामुलीला एकच प्रश्न विचारला जातो, "पुढे काय करणार?" उत्तरेही बहुतेक ठरलेली असतात. कोणी सी.ए. होणार असते, कोणी इंजिनिअर, कोणी फार्मसीला जाणार असते. उरलेले "घरचाच व्यवसाय" असे सांगून खाली उतरतात. "स्वतःचा पहिला रुपया केव्हा आणि कसा कमावणार?" हा प्रश्न मात्र मी आजवर एकाही सत्कारात ऐकलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करणाऱ्या समाजात हा प्रश्न कोणाला सुचू नये, याचे नवल वाटते. आपल्या मुलांना पैशाची चणचण सहसा भासत नाही, म्हणून त्यांना पैशाचे स्वातंत्र्यही आहे, असे आपण धरून चालतो. हे गृहीतक एकदा तपासून पाहावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

शेतमजुराच्या किंवा कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाची बारावीनंतरची अडचण उघड असते. शुल्क भरायला पैसे नसतात, भांडवल नसते, ओळखीपाळखी नसतात. त्याची वाट खडतर आहे, यात शंका नाही. तथापि तो जे कमावतो ते त्याचे असते आणि किती कमावतो हे त्याला ठाऊक असते. व्यापारी घरातील मुलाचे याच्या अगदी उलट असते. गल्ला समोर असतो, मागितले की मिळते. पण मागावे लागते. वीस-बावीस वर्षांचा मुलगा सकाळी दुकान उघडतो, रात्री बंद करतो, माल उतरवून घेतो, वसुलीला जातो. आणि मित्राच्या लग्नात आहेर करायचा झाल्यास वडिलांपुढे उभा राहतो. महिन्याकाठी त्याच्या कामाचे मोल किती, हे त्याला माहीत नसते आणि वडिलांनाही नसते. मुलींचे तर विचारूच नये. संध्याकाळी बिले बनवणारी, जी.एस.टी.च्या नोंदी करणारी मुलगी घराघरात आहे. पण ती "दुकानात काम करते" असे कोणी म्हणत नाही. ती "थोडी मदत करते".

आमचे दुकान हिंगणघाटला, किराणा आणि धान्याचे. आता सारे हिशेब संगणकावर असतात; तरी दिवाळीला पूजन वहीचेच होते आणि बाबूजी, म्हणजे माझे सासरे, वर्षभर एक खतावणी हाताने लिहितात. त्या खतावणीत हमालांचे खाते आहे, दिवाणजींचे आहे, माल पुरवणाऱ्यांची आणि उधारीच्या गिऱ्हाइकांची आहेत. धर्मादाय खाते आहे, गोरक्षणाचेही आहे. यंदा बारावी वाणिज्य शाखेतून उत्तीर्ण झालेल्या माझ्या मुलीने मे महिन्यात एका रात्री ती खतावणी शेवटपर्यंत चाळली आणि विचारले, "आई, यात गाईंचे पान आहे. माझे आणि दादाचे कोणत्या पानावर आहे?"

प्रश्न मला विचारला होता. उत्तर बाबूजींनी दिले. ते म्हणाले, "बेटा, ही सगळी वहीच तुमची आहे. परक्याचे पान असते. घरच्या माणसांनी एकमेकांत पैसे मोजायला सुरुवात केली, तर जिव्हाळा कुठे राहील?"

हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. आपली एकत्र कुटुंबे याच भावनेवर टिकली आहेत. कोणाची मिळकत किती हे न मोजता सर्वांची ताटे एका पंक्तीत मांडली गेली, म्हणून आजारी भावाचा संसार चालला, विधवा आत्या माहेरी सन्मानाने राहिली, हुशार पुतण्या शिकला. हे मोल कोणत्याही पगारापेक्षा मोठे आहे. म्हणूनच मुलीच्या प्रश्नाला केवळ नव्या पिढीचा हट्ट म्हणून बाजूला सारू नये आणि बाबूजींच्या उत्तरालाही जुन्या पिढीचा हेका म्हणू नये, असे मला वाटले. पुढले कित्येक दिवस मी या दोन वाक्यांचा विचार करत राहिले. तेव्हा ध्यानात आले की आपल्या वर्धा जिल्ह्याला हा प्रश्न मुळीच नवा नाही.

जमनालाल बजाज यांचे नाव जिल्ह्यातील प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. 1889 साली राजस्थानात सीकरजवळच्या एका खेड्यात त्यांचा जन्म झाला आणि लहान वयातच ते वर्ध्याचे सेठ बच्छराज यांच्या घराण्यात दत्तक आले. त्यांचे शालेय शिक्षण प्राथमिक इयत्तांपलीकडे गेले नाही. ते सतरा वर्षांचे असताना आजोबा बच्छराज रागाच्या भरात त्यांना संपत्तीवरून बोलले. तेव्हा या मुलाने घरच्या संपत्तीवरील आपला हक्क सोडत असल्याचे पत्र लिहिले आणि तो घराबाहेर पडला. पुढे त्यांची समजूत घालून त्यांना परत आणण्यात आले, हे सर्वांना माहीत आहे. पुढच्या आयुष्यात त्यांनी संपत्तीकडे विश्वस्ताच्या नात्याने पाहिले, त्याची मुळे या प्रसंगात शोधली जातात. मला मात्र त्यातील सतरा वर्षांचे वय महत्त्वाचे वाटते. लक्षावधींच्या घरात राहणाऱ्या त्या मुलाला एका कटू शब्दाने उमगले की आपल्या अंगावरचे कापडही आपले नाही. दिलेले ते केव्हाही बोलून दाखवले जाऊ शकते. कमावलेले बोलून दाखवता येत नाही. घर श्रीमंत असल्याने या दोहोंतील अंतर कमी होत नाही.

याच वर्ध्यात 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी देशभरातील शिक्षणतज्ज्ञ जमले होते. मारवाडी विद्यालयाच्या रौप्यमहोत्सवाचे निमित्त होते आणि अध्यक्षस्थानी महात्मा गांधी होते. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफलेला अभ्यास, असे ठराव तेथे झाले. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि पुढे सेवाग्रामला आर्यनायकम् दांपत्याने नई तालीमचे काम उभे केले. शिक्षण काही अंशी स्वतःचा खर्च स्वतः भागवू शकेल, ही त्यामागील अपेक्षा होती. त्यावर त्याही काळी जोरदार टीका झाली. शाळा म्हणजे लहान मुलांचा कारखाना होईल, अशी भीती प्रा. के. टी. शहा यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांना वाटली. ही भीती अनाठायी नव्हती आणि लहान वयातील मुलांना कमाईला जुंपावे असे आज कोणी म्हणणार नाही. परंतु शिकणे आणि कमावणे यांत भिंत असू नये, हाताने केलेल्या कामाचे मोल शिकणाऱ्याला कळावे, हा विचार आपल्या जिल्ह्यातून देशभर गेला. त्या गावापासून हाकेच्या अंतरावर राहणारे आपण मात्र मुलांना सांगतो, "तू फक्त अभ्यास कर, पैशाचे आम्ही पाहतो." हे वाक्य प्रेमाचेच असते; पण पंचविशीपर्यंत ते ऐकत राहिलेल्या मुलाला पैशाचे पाहता येत नाही.

आपल्या समाजातील उदाहरण द्यायचे, तर कर्मवीर भाऊराव पाटलांचे द्यावे लागेल. कोल्हापूरजवळच्या कुंभोजला 1887 साली एका दिगंबर जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्यांचे स्वतःचे शालेय शिक्षण अर्धवट राहिले. साताऱ्यात शिकवण्या करून आणि नांगरांची विक्री करून त्यांनी उपजीविका केली. 1919 साली त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि 1924 साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, स्वयंपाक करत, शेतात राबत आणि त्या श्रमांतून शिकत. वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. एवढा त्याग करणाऱ्या या दांपत्याने मुलांना फुकटचे मात्र शिकवले नाही. 'कमवा आणि शिका' ही योजना आज महाराष्ट्रातील कितीतरी महाविद्यालयांत आहे. गरिबाच्या मुलांसाठी ती आहे, अशी आपली समजूत. आपल्या मुलांना तिची गरज अधिक आहे, असे मी म्हटले तर कोणी रागावू नये.

हे सारे मी बाबूजींना एकदम सांगितले नाही. एका दुपारी मी त्यांना फक्त इतकेच विचारले, "बाबूजी, तुमचा स्वतःचा पहिला पगार किती होता?" आणि मग जी हकीकत निघाली, ती घरात आम्हा कोणालाच पूर्ण ठाऊक नव्हती.

आमच्या घराण्याची मूळ पेढी कापसाची. एकोणिसाव्या शतकात 'हिंगणघाट' हे कापसाच्या एका उत्तम प्रतीचे नाव म्हणून इंग्लंडच्या बाजारातही माहीत होते. त्या परंपरेत वाढलेल्या बाबूजींनी मॅट्रिकनंतर पेढीवर बसायचे, हे जणू जन्मापासून ठरलेले. पण 1972-73 च्या हंगामापासून राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना लागू झाली. शेतकऱ्याचा कापूस शासनाच्या वतीने पणन महासंघाने घ्यायचा. खाजगी व्यापाऱ्याने घ्यायचा नाही. शेतकऱ्याला भावाची हमी मिळावी, हा तिचा हेतू होता आणि त्याविषयी येथे वाद घालण्याचे कारण नाही. मात्र आमच्या पेढीपुरता परिणाम असा की एका हंगामात धंदा थांबला. गादी राहिली, तक्के राहिले, तराजू राहिला. कापूस आला नाही. एकोणीस वर्षांचे बाबूजी अमरावतीला एका तेलगिरणीत दिवाणजींच्या हाताखाली लागले. पगार महिना एकशे दहा रुपये. त्यातील साठ ते घरी पाठवत, उरलेल्या पन्नासात खोली आणि खानावळ. तीन वर्षांनी परत येऊन त्यांनी आजचे दुकान घातले, ते त्या तेलगिरणीत शिकलेल्या धान्य-तेलबियांच्या पारखीवर आणि स्वतः साठवलेल्या थोड्या पैशांवर.

हे सांगताना बाबूजी मध्येच थांबले आणि म्हणाले, "त्या एकशे दहाचा हिशेब मला अजून तोंडपाठ आहे. पुढे दुकानात लाखांची उलाढाल झाली, तिचा तसा पाठ नाही." त्या दिवशी आमच्यात एवढेच बोलणे झाले. पण एकाधिकार योजनेची ही आठवण प्रत्येक व्यापारी घराने जपावी, असे मला तेव्हापासून वाटते. दुकान हे वारशात मिळते, परंतु दुकानाचा काळ वारशात मिळत नाही. आज ऑनलाइन खरेदी आहे, मोठ्या साखळी दुकानांचा विस्तार आहे. उद्या आणखी काही असेल. ज्या मुलाला फक्त "आपली गादी" ठाऊक आहे, त्याला गादी गेल्यावर स्वतःची किंमत बाजारात किती, हे सांगता येत नाही.

आता एक व्यवहाराची बाजू, जिच्याकडे आपण व्यापारी असूनही कमी पाहतो. अठरावे वर्ष पूर्ण झाले की मूल कायद्याने सज्ञान होते. त्याची सही बंधनकारक ठरते. पुष्कळ घरांत मुलाची पहिली महत्त्वाची सही पगाराच्या पावतीवर होत नाही. ती बँकेच्या कर्जाच्या कागदावर, जामीनदार म्हणून होते. जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. भागीदारी पेढीचा विचार करा. 1932 च्या भागीदारी कायद्याचे कलम 30 अज्ञान मुलाला पेढीच्या केवळ लाभात सामील करून घेण्याची मुभा देते. तोवर त्याची जबाबदारी पेढीतील त्याच्या हिश्शापुरतीच असते. तो सज्ञान झाला, अथवा आपण असे सामील आहोत हे त्याला कळले, यांपैकी जे नंतर घडेल तेव्हापासून सहा महिन्यांत त्याने भागीदार व्हायचे की नाही हे जाहीर नोटिशीने कळवायचे असते. त्याने काहीच कळवले नाही, तर तो भागीदार झाला असे कायदा मानतो. आणि मग लाभात सामील केल्या दिवसापासूनच्या पेढीच्या देण्यांना तो स्वतः जबाबदार ठरतो.

हे कलम वाचले तेव्हा मला आपल्या घरांचे नेमके चित्र दिसले. आपल्याकडेही मुलगा गप्प राहिला की तो होकार समजला जातो. आमच्या नात्यातील एका कुटुंबात असेच घडले. चोवीस वर्षांच्या मुलाला पेढी अडचणीत आल्यावर कळले की कर्जाच्या कागदांवर आपले नाव आहे. सहा वर्षे तो दुकानात राबला होता. पण त्याच्या नावावर पगाराची एक नोंद नव्हती, बचतीचा एक हप्ता नव्हता, विवरणपत्र नव्हते. देणे होते, घेणे नव्हते. त्याला नोकरी शोधताना अनुभवाचा दाखलाही दाखवता आला नाही. बापलेकांत बोलणे बंद झाले, ते पैशांपेक्षा या न लिहिलेल्या सहा वर्षांमुळे. बाबूजींना ज्या जिव्हाळ्याची चिंता होती, तो जिव्हाळा तेथे हिशेब ठेवल्याने तुटला नव्हता. हिशेब न ठेवल्यानेच तो तुटला होता.

आपला धर्म याबाबत काय सांगतो, हेही पाहिले पाहिजे. आचार्य हेमचंद्रांनी 'योगशास्त्रात' गृहस्थाचे पस्तीस गुण सांगितले आहेत. त्यांत पहिले स्थान न्यायाने मिळवलेल्या संपत्तीला आहे. बाकी सर्व गुण त्यानंतर येतात. 'उपासकदशांग' या आगमातील आनंद श्रावकाची कथा आपण प्रवचनांत ऐकतो. त्याचे चार कोटी सुवर्ण निधीत, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घरसंपत्तीत होते, असे मोजून सांगितले आहे. व्रत घेताना त्याने परिग्रहाची मर्यादा ठरवली, तीही या मोजदादीवर. पुढे धर्मसाधनेसाठी निवृत्त होताना त्याने ज्येष्ठ पुत्रावर कुटुंबाचा भार सोपवला, तो स्वजनांना बोलावून, सर्वांच्या साक्षीने. कोणाचे काय आणि केव्हापासून, याची संदिग्धता त्या कथेत कोठेही नाही.

परिग्रह-परिमाण व्रताचा अर्थ मला यंदाच्या पर्युषणात नव्याने जाणवला. जे स्वतःचे आहे, त्याचीच मर्यादा बांधता येते. ज्याच्या नावावर काहीच नाही, त्याने कशाचे परिमाण करावे? दानाचेही तसेच. पर्युषणात बोली लागते. मुलगा हात वर करतो आणि पैसे वडिलांच्या खात्यातून जातात. पुण्याचा हिशेब आपण करू नये. पण आपल्याजवळचे काही कमी होत आहे, ही देण्यातली खरी जाणीव त्या मुलाला कोठून येणार? अपरिग्रह शिकवण्यापूर्वी मुलांना स्वकष्टाचा परिग्रह काय असतो, हे कळू द्यावे लागेल.

आमच्या घरी निर्णय झाला तो बाबूजींच्याच शब्दांनी. मे महिना संपताना ते यांना म्हणाले, "पोरांची पाने घाला. पण जमा लिहायचे असेल, तर नावेही लिहा. एका बाजूचे खाते आपल्याकडे चालत नाही."

जूनपासून खतावणीत दोन पाने वाढली. मुलगा पूर्ण वेळ दुकानात असतो. त्याचे महिना पंधरा हजार ठरले. मुलगी संध्याकाळी तीन तास बिले आणि जी.एस.टी.च्या नोंदी पाहते, रविवारी मालाची मोजदाद करते. तिचे सहा हजार. रक्कम बाहेरचा माणूस ठेवला असता तर काय दिली असती, यावरून ठरवली. पैसे रोख हातात न देता प्रत्येकाच्या बँकखात्यात जातात आणि त्या खात्यावर फक्त त्याची किंवा तिची सही चालते. नावेच्या बाजूला घरखर्चाचा वाटा, मोबाइल, पेट्रोल, कपडे, पुस्तके. शिक्षणाचे मोठे शुल्क आणि आजारपण मात्र घराकडेच राहिले. ते कुटुंबाचे कर्तव्य आहे, उपकार नाही.

पहिल्या महिन्याअखेर मुलीच्या पानावर घरखर्च दीड हजार, पेट्रोल आठशे, मोबाइल साडेतीनशे, पुस्तके व परीक्षेचे अर्ज एकोणीसशे असे चार हजार साडेपाचशे नावे पडले; शिल्लक चौदाशे पन्नास. मुलाचे पान अधिक बोलके निघाले. पंधरा हजार पुरले नाहीत. तेवीसशे रुपये जास्त गेले होते. "पगार पुरत नाही" हे वाक्य तो आयुष्यात पहिल्यांदा बोलला आणि ऐकणारे कोणीच त्याला रागावले नाही. गल्ल्यातून उचलताना हे तेवीसशे कधी दिसलेच नसते. तिसऱ्या महिन्यात त्याचे पान जमेकडे आले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याने गावातील खानावळींना थेट माल पोहोचवण्याची एक योजना वडिलांपुढे मांडली आणि त्यातील नफ्यात हिस्सा मागितला. मागितला तो हक्काने, हिशेब पुढे ठेवून. बापलेकांची त्यावर दोन रात्री घासाघीस झाली. मला ती ऐकताना जिव्हाळा कमी झाल्यासारखे वाटले नाही.

अर्थात चार महिन्यांत कोणी स्वावलंबी होत नाही. घरच्या दुकानातील पगार हा अखेर घरचाच पगार. मालक चिडला तर कामावरून काढत नाही आणि चूक झाली तर पदरात घेतो. म्हणून मुलांनी एखादे वर्ष तरी परक्याच्या हाताखाली काम करावे, असे बाबूजी आता स्वतःच सुचवतात. मुलीने सी.ए. फाउंडेशनची तयारी चालवली आहे. पुढे आर्टिकलशिपची दोन वर्षे नागपूरला काढावी लागतील. त्या काळात मानधन मिळते, पण शहरातील खोली आणि जेवण त्यात बहुधा भागत नाही. तूट किती येईल याचे गणित तिने आताच मांडले आहे आणि दर महिन्याची शिल्लक त्या तुटीसाठी बाजूला पडते.

मुलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे मला आवश्यक वाटते. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू उत्तराधिकार कायद्यात मुलीला वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या संपत्तीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आणि तो कायदा आपणा जैनांनाही लागू आहे. कागदावरचा हा हक्क किती घरांत प्रत्यक्ष मागितला जातो, हे आपण सर्व जाणतो. बहुतेक मुली भावाचे प्रेम जपण्यासाठी सही करून मोकळ्या होतात. ती सही त्यांनी करावी की करू नये, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण स्वतःची मिळकत असलेल्या मुलीने विचारपूर्वक केलेली सही आणि पैशाच्या व्यवहारापासून आयुष्यभर दूर ठेवलेल्या मुलीने खाली मान घालून केलेली सही, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. स्थळे पाहताना "मुलगी कमावती हवी का?" असा प्रश्न आता आपल्याकडे विचारला जातो. उत्तर काहीही असो. ते देण्याचा अधिकार तिचा असावा, यासाठी तिला बारावीनंतरची ही वर्षे हवीत.

समाज म्हणूनही आपण काही करू शकतो. मुंबईत 1915 साली स्थापन झालेल्या श्री महावीर जैन विद्यालयाने विद्यार्थ्यांना कर्जाऊ शिष्यवृत्तीची वाट दाखवली. शिकून मिळवता झाल्यावर विद्यार्थ्याने रक्कम परत करायची आणि तीच पुढच्या विद्यार्थ्याच्या कामी यायची. घेणाऱ्याची मान ताठ राहते आणि निधी आटत नाही. आपल्या जिल्ह्यात वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव येथील मंडळांनी एकत्र येऊन असा लहानसा निधी उभारणे अवघड नाही. ज्या घरांत दुकान नाही, नुसती मुनिमी किंवा फेरी आहे, अशीही आपली कितीतरी घरे आहेत. त्यांच्या मुलांना याचा खरा आधार होईल. शिवाय आपल्यापैकी प्रत्येक दुकानदाराने दुसऱ्याच्या घरचा एक मुलगा किंवा मुलगी सुटीत दोन महिने पगारावर ठेवावी आणि आपले मूल त्याच्याकडे पाठवावे. परक्याच्या दुकानात वेळेवर पोहोचणे, बोलणी ऐकणे आणि महिनाअखेर पाकीट मोजून घेणे, यांचे शिक्षण घरी मिळत नाही.

यंदा दिवाळीच्या वहीची अनुक्रमणिका लिहायला बाबूजींनी नातीला बसवले आहे. हमालांच्या खात्यानंतर आणि गोरक्षणाच्या खात्याआधी तिने दोन नावे लिहिली, भावाचे आणि स्वतःचे. बाबूजींनी यादी तपासली, काही बोलले नाहीत. फक्त तिच्या हातातील लेखणी घेऊन शेवटी आणखी एक नाव घातले. ते माझे होते. तेवीस वर्षे रोजमेळ मी लिहिते आहे. पगार किती धरायचा, यावर अजून घरात चर्चा चालू आहे.